खानापूर तिथेही आहे, म्हणून काय सिद्ध होते?

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी ग्रुपांवर गेले काही महिने एक लांबलचक मेसेज फिरतो आहे. ज्यांच्यापर्यंत तो पोहोचला नसेल त्यांच्यासाठी त्याचा सारांश देतो. जगात जिथे जिथे एकाच नावाची दोन गावे आहेत, तिथे एका गावची माणसे दुसरीकडे जाऊन वसली आहेत. त्यांतले जुने गाव मूळ, बाकीची त्याची पोटगावे. थायलंडमधले अयुथया, सिंगापूर, अमेरिकेतले सेलम, दिल्ली आणि बॉम्बे हे सगळे आपल्या लोकांच्या स्थलांतराचे पुरावे. मूळ गाव कुठले ते ओळखायचे असेल तर इंटरनेटवर नाव टाकायचे, पहिले येईल ते मूळ. आणि शेवटी खरी गोष्ट: सांगली जिल्ह्यात खानापूर आहे, ठाणे जिल्ह्यात शहापूर आहे, कोल्हापूरला लागून उचगाव आहे; तेव्हा आपली खानापूर, शहापूर, उचगाव ही गावे महाराष्ट्राची आहेत हे नावावरूनच सिद्ध होते, वेगळा पुरावा कशाला हवा?

या भागातल्या मराठीचा प्रश्न माझा स्वतःचा आहे, म्हणूनच हा मेसेज वाचून सोडून देता आला नाही. लिहिणाऱ्याला आपल्या गावांबद्दल तळमळ आहे हे ओळीओळीत दिसते. पण त्याने हातात घेतलेला पुरावा पोकळ आहे, आणि असा पुरावा आपल्या बाजूने मांडला गेला की आपल्याच खऱ्या म्हणण्यावर लोकांचा विश्वास कमी होतो. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"नाव सारखे, म्हणजे माणसे तिथून इथे आली"

याचे उत्तर द्यायला फार लांब जायला नको. सौंदत्ती तालुक्यात मलप्रभेच्या काठी मुनवळ्ळी आहे. जुन्या इंग्रजी कागदांत तिला मनोली म्हटले आहे. ३० जुलै १८०० रोजी तिथे एका इंग्रज कर्नलने धोंडिया वाघ या बंडखोराच्या तळावर हल्ला केला. धोंडियाची कितीतरी माणसे मलप्रभेत बुडाली. त्याआधी बरोबर महिनाभर, ३० जूनला, कित्तूरच्या परिसरात याच धोंडियाशी झालेल्या लढाईत पेशव्यांचे सरदार धोंडोपंत गोखले मारले गेले होते. त्यांचे पुतणे बापू गोखले हे पुढे पेशवाईचे शेवटचे सेनापती झाले. १० सप्टेंबरला धोंडिया वाघही पडला. या मोहिमेतल्या त्या इंग्रज कर्नलचे नाव आर्थर वेलस्ली.

पुढे १८०९ मध्ये, स्पेनमधल्या तालावेराच्या लढाईनंतर, वेलस्लीला सरदारकी मिळाली. किताबाला जोडायला एखाद्या गावाचे नाव लागते. तो स्वतः युद्धावर होता, त्यामुळे त्याच्या भावाने मायदेशी शोधाशोध करून इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातले वेलिंग्टन निवडले. घराण्याच्या नावाशी ते जुळते, एवढेच कारण. त्या गावात तो जन्मलाही नव्हता आणि वाढलाही नव्हता. पुढे तो ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून जगभर गाजला आणि नाव त्याच्या मागोमाग निघाले. न्यूझीलंडमध्ये १८४० साली न्यूझीलंड कंपनीने वसाहत उभारली. ड्यूकने त्या कंपनीला पाठबळ दिले होते, म्हणून त्या वसाहतीचे नाव वेलिंग्टन. १८६५ पासून ती त्या देशाची राजधानी आहे. दक्षिण आफ्रिकेत केपच्या बाजूला एक वेलिंग्टन आहे. आणि आपल्या नीलगिरीत कुन्नूरजवळ जी लष्करी छावणी आहे, जिथे सैन्याचे स्टाफ कॉलेज आहे, तीही वेलिंग्टन. तिचे आधीचे नाव जकतळा.

आता मेसेजमधली मोजपट्टी इथे लावून बघा. नीलगिरीतले बडग आणि तोडा लोक सॉमरसेटहून आले का? न्यूझीलंडचे वेलिंग्टनकर कुन्नूरचे का? मलप्रभेच्या काठी लढून गेलेल्या एका माणसाचा किताब तीन खंडांत पसरला. त्या गावांतल्या लोकांचे एकमेकांशी नाते त्यातून शून्य निघते.

न्यूझीलंडचाच दुसरा भाग याहून बोलका आहे. हॉक्स बे नावाच्या किनारपट्टीवर नेपियर शहर आहे, त्याच्या आसपास हेस्टिंग्स, क्लाइव्ह, हॅवलॉक नॉर्थ. शाळेत इतिहास शिकलेल्या कुणालाही ही यादी ओळखीची वाटेल. क्लाइव्ह प्लासीचा, हेस्टिंग्स म्हणजे गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्स, हॅवलॉक १८५७ च्या कानपूर-लखनौचा, आणि नेपियर म्हणजे १८४३ मध्ये सिंध जिंकणारा चार्ल्स नेपियर. शेजारी मीअनी नावाची वस्तीसुद्धा आहे. सिंधच्या अमीरांचा जिथे पराभव झाला त्या मियानीचे हे नाव. नेपियर शहरातल्या टेकडीला पूर्वी 'सिंध आयलंड' म्हणत. एवढी सिंधी नावे एका जागी आहेत, पण सिंधहून तिथे कुणीही जाऊन वसले नव्हते. इंग्रज अधिकाऱ्यांनी नकाशावर रेघा ओढल्या आणि आपल्या साम्राज्याच्या विजयांची नावे त्या रेघांना दिली. त्या जमिनीवर आधी राहणाऱ्या माओरी लोकांची स्वतःची नावे होती, ती कागदावरून बाजूला पडली. नाव कोण देतो आणि कुणाचे पुसले जाते, हे सीमाभागातल्या माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातले लखनौही तसेच. १८५७ च्या वेढ्याची बातमी ताजी होती तेव्हा गावाला ते नाव मिळाले, आणि रस्त्यांना कॅम्पबेल, हॅवलॉक, आउट्रम अशा सेनापतींची नावे. तिथे अवधी बोलणारा एकही माणूस नव्हता.

मेसेजमधल्या दिल्ली आणि बॉम्बेचेही बघू. न्यूयॉर्क राज्यातल्या डेलावेअर काउंटीत दिल्ली नावाचे गाव आहे. तिथले लोक त्याचा उच्चार 'डेल-हाय' असा करतात. एबेनेझर फूट नावाचा एक वजनदार पुढारी तिथे होता, लोक त्याला 'ग्रेट मोगल' म्हणत. मोगलाची राजधानी दिल्ली, म्हणून १७९८ मध्ये गावाला हे नाव पडले, असे तिथल्या इतिहासात सांगतात. बॉम्बे हे त्याच राज्यातले, कॅनडाच्या सीमेलगतचे. मायकेल होगन नावाच्या जमीनमालकाने ते नाव ठेवले, कारण त्याच्या बायकोचा मुंबईशी संबंध होता. एका घरातली आठवण गावाचे नाव झाली. तिला स्थलांतर म्हणायचे असेल तर मग कुठल्याच शब्दाला अर्थ उरणार नाही.

"सेलमही आपलेच"

हा मुद्दा एका परिच्छेदात संपतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात १६२६ मध्ये गोऱ्या वसाहतकऱ्यांनी एक वस्ती केली. मूळ रहिवासी त्या जागेला नॉमकीग म्हणत. १६२९ मध्ये वसाहतकऱ्यांनी ते बदलून सेलम केले. हे नाव बायबलमधले आहे, शांती या अर्थाच्या हिब्रू शब्दाशी नाते सांगणारे. ते कट्टर धार्मिक लोक होते, बायबलमधूनच नावे काढत. पुढे अमेरिकेत जी अनेक सेलमे झाली तीही याच वळणाची, ऑरेगन राज्याची राजधानी त्यांपैकीच. तमिळनाडूतल्या सेलमचे नाव तमिळ प्रदेशातल्या जुन्या नावावरून घासत-घासत आले आहे. दोन वेगळ्या झऱ्यांचे पाणी योगायोगाने एकाच रंगाचे दिसले, एवढाच संबंध.

ऐकण्यातली फसगत तर आपल्याकडेही रोज होते. कोचीतल्या विलिंग्डन बेटाला कितीतरी लोक वेलिंग्टन म्हणतात. ते बेट लॉर्ड विलिंग्डनच्या नावाचे, ज्याच्या नावाचे कॉलेज सांगलीत आहे आणि जिथे आपल्या भागातली कितीतरी मुले शिकून आली. तो विलिंग्डन वेगळा, मलप्रभेवरचा वेलिंग्टन वेगळा. मधे शंभराहून अधिक वर्षे गेली आहेत.

"सगळ्यांत जुने ते मूळ, बाकीची त्याची पोटगावे"

अलेक्झांड्रियाचे उदाहरण घेऊ, कारण हे नाव जगाच्या नकाशावर जागोजागी सापडते आणि सगळ्यांत जुने कुठले याबद्दल लोकांच्या मनात शंका नसते. इजिप्तचे अलेक्झांड्रिया सिकंदराने ख्रिस्तपूर्व ३३१ मध्ये वसवले. त्याने जाता-जाता अशी बरीच नगरे स्वतःच्या नावाने वसवली. अफगाणिस्तानातले हेरात आणि कंदाहार, ताजिकिस्तानातले खुजंद यांच्या मुळाशी त्याच्या अलेक्झांड्रिया आहेत. इथपर्यंत मेसेजवाल्याचे म्हणणे जुळेल असे वाटते. पण त्याच अलेक्झांड्रियांची नावे आज बदलून गेली आहेत, आणि ज्यांची नावे आज अलेक्झांड्रिया आहेत त्यांतल्या बऱ्याच गावांचा सिकंदराशी संबंध नाही!

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातले अलेक्झांड्रिया १७४९ मध्ये वसले, ते तिथल्या जमिनीचे मालक असलेल्या अलेक्झांडर घराण्याच्या नावाने. लुइझियानातले अलेक्झांड्रिया अलेक्झांडर फुल्टन या व्यापाऱ्याचे. मिनेसोटातले अलेक्झांडर किंकेडचे. स्कॉटलंडमधले अलेक्झांडर स्मॉलेटचे. रुमानियातले १८३४ मध्ये वसलेले अलेक्झांड्रिया तिथला राजा अलेक्झांड्रू गिका याचे. पाच गावे, पाच वेगळी माणसे. त्यांच्या आई-बापांनी मुलाचे नाव अलेक्झांडर ठेवले एवढाच त्यांना जोडणारा धागा. जुने गाव शोधून काढले म्हणून नव्या गावाचा उगम सापडत नाही. प्रत्येक गावाची चौकशी वेगळी करावी लागते.

आपल्या उपखंडात तर याची रास आहे. दख्खनचे हैदराबाद मुहम्मद कुली कुतुबशहाने १५९१ मध्ये वसवले. सिंधचे हैदराबाद गुलाम शाह कल्होडाने १७६८ मध्ये, नेरूनकोट नावाच्या जुन्या जागी. दोघांच्याही मनात हैदर, म्हणजे हजरत अली. कुतुबशहाच्या गावातली माणसे सिंधला गेली नाहीत आणि कल्होड्याने दख्खनकडे बघून नाव ठेवले नाही. विजापूर आपले आणि विजापूर छत्तीसगडचे. बिलासपूर हिमाचलचे आणि छत्तीसगडचे. उदयपूर राजस्थानचे आणि त्रिपुरातले. औरंगाबाद बिहारचे, आणि आपले, ज्याचे नाव आता छत्रपती संभाजीनगर झाले आहे. लिबियाची राजधानी त्रिपोली आणि लेबनॉनमधली त्रिपोली यांच्यातही एवढेच साम्य, की दोन्हीकडे तीन-तीन नगरे होती आणि दोन्हीकडे ग्रीक भाषेत त्यांना 'तीन नगरे' म्हटले गेले.

"अयुथया आणि सिंगापूर म्हणजे आपल्या लोकांच्या वसाहती"

इथे मेसेजमध्ये थोडे सत्य आहे, म्हणून जरा सावकाश. थायलंडमधले अयुथया चौदाव्या शतकाच्या मध्यावर, १३५१ च्या सुमारास वसले, आणि त्याचे नाव अयोध्येवरूनच आहे. सिंगापूर म्हणजे सिंहपूर, हेही खरे. मलय बखरीत त्याची कथा आहे: पालेमबांगच्या एका राजपुत्राला तिथे सिंहासारखा प्राणी दिसला आणि त्याने त्या जागेला हे नाव दिले. व्हिएतनामच्या किनाऱ्यावरच्या चंपा राज्याचीही एक राजधानी सिंहपूर होती. आज त्या जागेला ट्रा किऊ म्हणतात.

पण ही नावे ठेवणारे राजे थाई होते, मलय होते, चाम होते. त्यांच्या दरबारात संस्कृत होती, रामकथा होती, भारतातून गेलेले व्यापारी आणि पुरोहित होते. राजधानीला मोठेपण यावे म्हणून रामाच्या नगरीचे नाव घ्यावे असे त्यांना वाटले. यात आपल्या संस्कृतीचा किती मान आहे! परक्या देशातल्या राजाने आपल्या पुराणातले नाव आपल्या राजधानीला द्यावे, ही गोष्ट कुणी जबरदस्तीने घडवली नव्हती. तिला वसाहत म्हणणे म्हणजे त्या लोकांनी स्वतःहून दाखवलेला आदर हिरावून घेणे. अवधातून लोक उठून चाओ फ्रायाच्या काठी राहायला गेले असे दाखवणारे काहीही नाही, आणि त्याची गरजही नाही.

नावाबरोबर माणसेही गेली अशी ठिकाणे आहेत, ती नाकारत नाही. इंग्लंडच्या लिंकनशायरमधले बोस्टन सोडून गेलेल्या लोकांचा अमेरिकेतल्या बोस्टनच्या १६३० च्या स्थापनेत मोठा वाटा होता. आणि आपल्या अगदी जवळ, उत्तर कन्नड जिल्ह्यात मुंडगोडला, याचे जिवंत उदाहरण आहे. ल्हासाजवळचे गानदेन आणि द्रेपुंग हे मठ पंधराव्या शतकाच्या सुरुवातीचे, १४०९ आणि १४१६ चे. तिबेट सोडावे लागलेल्या भिक्षूंनी तेच मठ, त्याच नावांनी, मुंडगोडच्या वसाहतीत पुन्हा उभे केले. तिथे नाव आणि माणसे एकत्र आली हे आपण छातीठोक सांगू शकतो. का? कारण ती माणसे समोर आहेत, त्यांची भाषा आहे, गुरुपरंपरा आहे, वसाहतीला जमीन दिल्याची सरकारी नोंद आहे. हे सगळे नसते आणि मुंडगोडच्या नकाशावर नुसते 'द्रेपुंग' लिहिलेले असते, तर कुणालाही काहीच कळले नसते.

"इंटरनेटवर पहिले येईल ते मूळ"

विट्यात बसून खानापूर शोधले तर सांगलीचे पुढे येईल, बेळगावात बसून शोधले तर आपले, निर्मलमध्ये बसून शोधले तर तेलंगणातले. शोधणारा कुठे आहे, कुठल्या गावाबद्दल जास्त लिहिले-वाचले गेले आहे, यावर तो क्रम ठरतो. त्याला इतिहास कळत नाही.

आणि सारख्या नावांचा घोळ काही इंटरनेटबरोबर आलेला नाही. टपालखात्याने तो फार आधी ओळखला होता. १५ ऑगस्ट १९७२ पासून आपल्याकडे पिनकोड सुरू झाला. त्याची आखणी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी केली, टपालखात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. पत्ते वेगवेगळ्या भाषांत लिहिलेले असत आणि एकाच नावाची गावे देशभर पसरलेली, त्यामुळे पत्रे भलतीकडे जात. सहा आकड्यांनी तो प्रश्न सोडवला. बेळगावचे शहापूर ५९०००३, ठाण्याचे शहापूर ४२१६०१. नाव एकच असले तरी पत्र चुकत नाही. मराठी माणसानेच दाखवून दिले होते की नुसत्या नावावर भरवसा ठेवून गाव सापडत नसते.

आपल्या खेड्यांतही ही अक्कल पहिल्यापासून आहे. कंग्राळी बुद्रुक आणि कंग्राळी खुर्द, आपण बीके आणि केएच म्हणतो ते. मिरज-लोंढा मार्गावरची कुडची वेगळी म्हणून बेळगावला लागून असलेली बसवन कुडची. बसवन बागेवाडी विजापूर जिल्ह्यात, हिरेबागेवाडी आपल्याकडे. नाशिककडे बेलगाव आहेत, तिथे एकाला बेलगाव कुऱ्हे म्हणतात, दुसऱ्याला बेलगाव ढगा. जुन्या लोकांनी सारख्या नावांना नाते मानले नाही, त्यांना वेगळे करायला शेजारी दुसरा शब्द बसवला.

"म्हणून खानापूर, शहापूर, उचगाव नावावरूनच महाराष्ट्राचे"

आता मुळाशी येऊ. खान हा किताब होता आणि शाह हाही. ज्यांच्या नावापुढे तो लागला त्यांच्या नावाने वसलेली कितीतरी गावे खानापूर किंवा शहापूर झाली. खानापूर सांगली जिल्ह्यात आहे, बेळगाव जिल्ह्यात आहे, तेलंगणात आहे. खानपूर दिल्लीत आहे, पाकिस्तानात रहीमयार खान जिल्ह्यात आहे आणि हरिपूर जिल्ह्यातही आहे. शहापूर ठाण्यात, यादगीर जिल्ह्यात, इचलकरंजीला लागून, आणि शाहपूर पाकिस्तानी पंजाबात सरगोध्याजवळ. या यादीतून आपल्याला हवी तेवढी दोन नावे उचलून 'बघा, नाते' म्हणता येत नाही. उचलायची तर सगळी उचलावी लागतील, आणि मग पंजाबातल्या शाहपूरवरही हक्क सांगावा लागेल. बोरगाव निपाणीकडे आहे आणि वाळव्यातही. मांजरी चिकोडीत कृष्णेकाठी आहे आणि पुण्याजवळही. ज्या भागात बोरी-बाभळी आहेत तिथे बोरगाव होणारच.

शहापूरचीच गोष्ट नीट बघा, कारण खरा पुरावा कसा असतो ते तिथे दिसते. बेळगावचे शहापूर सांगलीच्या पटवर्धन संस्थानात होते. बाजूला बेळगाव शहर इंग्रजांच्या मुलखात आणि त्याला चिकटलेले शहापूर सांगलीच्या राजाचे. म्हणजे शहापूरचे आजच्या महाराष्ट्रातल्या एका गावाशी पिढ्यान्‌पिढ्यांचे नाते आहे, कागदोपत्री आहे, महसुलाचे आहे, न्यायनिवाड्याचे आहे. ते नाते सांगलीशी आहे, जिथे नाव जुळत नाही. ठाण्याच्या शहापूरशी, जिथे नाव अक्षरशः जुळते, त्याचा काही संबंध नाही. मेसेज लिहिणाऱ्याने नावाच्या मागे धावता-धावता हातातला खरा पुरावा खाली टाकला आणि पोकळ पुरावा उचलला. मला या मेसेजमधली सगळ्यांत जास्त लागलेली गोष्ट हीच.

दुसरे, ही मोजपट्टी आपण हातात घेतली की समोरचाही घेणार. गडहिंग्लज तालुक्यात हेब्बाळ आहे, आणि हेब्बाळ बंगळुरूतही आहे, म्हैसूरलाही आहे. हलकर्णी गडहिंग्लजमध्ये आहे, चंदगडमध्ये आहे, आपल्या खानापूर तालुक्यातही आहे. उद्या कुणी कन्नडमध्ये मेसेज लिहिला की बंगळुरूत हेब्बाळ आहे, म्हणून गडहिंग्लज कर्नाटकाचे, तर आपण काय म्हणणार? आपण म्हणू, गडहिंग्लजमधले लोक कुठली भाषा बोलतात ते बघा, त्यांची इच्छा विचारा. अगदी बरोबर. मग तेच उत्तर आपल्या गावांनाही लागू आहे. या पट्ट्यात मराठी आणि कन्नड शेकडो वर्षे एकमेकांत मिसळून राहिल्या आहेत. हलशीला कदंबांची राजधानी होती. सौंदत्तीच्या रट्टांनी तेराव्या शतकात आपली राजधानी बेळगावला आणली, त्यांच्या लेखांत बेळगावला वेणुग्राम म्हटले आहे. गावांच्या नावांत दोन्ही भाषांचे थर आहेत. एखाद्या मराठी घरात पिढ्यान्‌पिढ्या कन्नड वळणाच्या नावाचे गाव आडनावात असते आणि त्या घराच्या मराठीपणाला त्याने काही बाधा येत नाही.

नाव बदलल्यानेही हक्क बदलत नाही. १ नोव्हेंबर २०१४ रोजी कर्नाटक सरकारने बारा शहरांची नावे बदलली, त्यात बेळगावचे बेळगावी झाले. ते अनेकांना लागले, मलाही लागले. पण त्या दिवशी एकाही शेताचा सर्व्हे नंबर बदलला नाही, एकाही घरातली बोली बदलली नाही. नाव बदलून जर काही सिद्ध होत नसेल, तर नाव जुळूनही होत नाही. दोन्हीकडे तीच मोजपट्टी लावायला हवी.

आणि सगळ्यांत महत्त्वाचे. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली, बेळगाव मुंबई राज्यातून काढून त्या वेळच्या म्हैसूर राज्यात घातले गेले. तेव्हापासून आपली मागणी चार सूत्रांवर उभी आहे: खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा. १९६६ मध्ये सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगासमोर हेच मांडले गेले, १९६७ चा त्याचा अहवाल याच सूत्रांच्या आधारे महाराष्ट्राने नाकारला, आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा गेला. या चार सूत्रांत गावाचे नाव कुठेही नाही. ज्या पिढीने सत्याग्रह केले, तुरुंगवास भोगला, लाठ्या खाल्ल्या, त्या पिढीला गावांची नावे ठाऊक नव्हती असे थोडेच आहे? त्यांना माहीत होते की न्यायाच्या दारात भाषा, वस्ती आणि लोकांचा कौल मोजला जातो.

तेव्हा हा मेसेज पुढे पाठवायच्या ऐवजी घरातल्या ट्रंका उघडा. आजोबांच्या वेळचा मोडीतला जमिनीचा कागद असेल, गावच्या मराठी शाळेचा जुना पट असेल, ग्रामपंचायतीचा मराठीतला ठराव असेल, देवस्थानच्या हिशेबाची वही असेल, १९५६ आधीच्या खरेदीखतावर मराठीतल्या सह्या असतील. त्याचा स्वच्छ फोटो काढा, गाव, तालुका, साल लिहा, मोडी वाचता येणाऱ्या माणसाकडून तो वाचून घ्या, आणि तो ग्रुपवर पाठवा. खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातला असा एक कागद जगभरातल्या सगळ्या खानापुरांच्या यादीपेक्षा जास्त बोलतो.